पेच्चीअम्माची पांढरी पार

अण्णा नगर

पोहायला शिकायचं योग्य वय कोणतं असं मला कुणी विचारलं, तर मी एकोणपन्नास सांगेन. त्या वयात माणूस बुडायला भीत नाही, फक्त हसं व्हायला भितो. आणि अण्णा नगरच्या तलावावर बायकांच्या सकाळच्या बॅचमध्ये दुसऱ्याला हसायला कुणाकडे दम उरलेला नसतो. मी सांगलीकडची. आमच्या घरात पाणी म्हणजे कृष्णा, आणि कृष्णा म्हणजे पुलावरून हात जोडायची गोष्ट. अकरा वर्षांपूर्वी ह्यांची रेल्वेतली बदली चेन्नईला झाली, पाठोपाठ मी बँकेच्या नुंगंबाक्कम शाखेत बदली मागून घेतली, आणि समुद्राच्या गावात राहून इतकी वर्षं फक्त घोट्यापर्यंत भिजले. तलावावर तीन महिन्यांत मला पोहता यायला लागलं आणि मी जी काही फुशारले, ती विचारू नका. भाजीवालीलासुद्धा सांगून झालं.

आमच्या वरच्या मजल्यावर रत्नाबाई राहतात. तंजावरकडच्या मराठी. त्यांचं मराठी ऐकताना एखादी जुनी बखर तमिळ हेल काढून बोलतेय असं वाटतं. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी प्रवाळाचा धडा आला की कपाटातून एक बरणी काढायची, आतला पिवळट तुकडा मुलींना दाखवायचा आणि बरणी परत कपाटात ठेवायची. जिवंत प्रवाळ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

मेच्या सुरुवातीला त्यांना एक पत्र आलं. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी मंडपमजवळच्या एका कोळ्यांच्या गावात शिक्षिका आहे. (गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं पायांची गर्दी नको.) तिथल्या बायका समुद्रात बुड्या मारून शेवाळ काढतात आणि विकतात. शेवाळाला तिकडे पासी म्हणतात. किनाऱ्याजवळच प्रवाळाचा एक लांबलचक पट्टा आहे, अशा पट्ट्याला त्यांचा शब्द ‘पार’. पारीवरचं शेवाळ खरवडताना प्रवाळ तुटतं, म्हणून पेच्चीअम्मा नावाच्या बाईनं दोन वर्षांपूर्वी सगळ्या बायकांना हातापाया पडून कबूल करून घेतलं होतं की जवळच्या पारीला हात लावायचा नाही. पार भरेल, मासे येतील, असं तिनं सांगितलं होतं. आणि या उन्हाळ्यात पारच आजारी पडली. आता बायका म्हणत होत्या, आम्ही लांब राहिलो तरी ती मरतेच आहे, मग उपाशी का राहायचं? येत्या रविवारी सभा होती. पार मेली असेल तर सोमवारपासून खरवडण्या घेऊन सगळ्याजणी आत उतरणार होत्या. पत्रात शेवटी एवढंच होतं: ‘टीचर, तुम्ही येऊन बघा आणि सांगा.’

“अस्की वर्षें मीं मुलींस सांगत आलें, हा दगड नव्हे, प्राणी आहे,” रत्नाबाई म्हणाल्या. (‘अस्की’ म्हणजे सगळी.) “अत्तां कोणी विचारितें, तो प्राणी जिवंत आहे का. आणि मला पाण्यांत उतरावयास येत नाहीं.”

“मला येतं!” मी म्हणाले.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. त्यांनी मला बोलावलंही नव्हतं.

तयारी म्हणाल तर दोन दिवस आम्ही नुसत्या धावत होतो. मी डोळ्यांवर लावायचा काचेचा मुखवटा आणि तोंडात धरायची श्वासाची नळी आणली, आणि रात्री आरशासमोर लावून बसले. ह्यांनी दार उघडलं आणि तसंच मिटलं. रत्नाबाईंनी मात्र डोकं चालवलं. त्यांनी एक पत्र्याचा मोठा डबा पत्र्याच्या कारागिराकडे नेला, तळ कापून तिथं काच बसवून घेतली. डबा होडीतून पाण्यावर दाबला की खालचं स्वच्छ दिसतं म्हणे. मी पिशवीत एक नारळही टाकला. समुद्रावर जायचं आणि नारळ न्यायचा नाही, हे आमच्या मनाला पटत नाही.

एग्मोर ते मंडपम

एग्मोर स्थानकातून सुटणाऱ्या रात्रभराच्या गाडीबद्दल काही सांगण्यासारखं नाही, शिदोरीबद्दल आहे. रत्नाबाईंनी केळीच्या पानात डांगर आणि दहीभात बांधून आणला होता. उडदाच्या पिठाचं, दह्यातलं, हिंगाची फोडणी घातलेलं ते डांगर मी तोंडात घातलं आणि थबकले. आमच्या आजीच्या हातचंच की हो! दोनतीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तंजावरला गेले, माझे सांगलीकडेच राहिले. भाषा इतकी बदलली की कधीकधी आम्हाला एकमेकींची वाक्यं दोनदा ऐकावी लागतात, पण डांगर जागचं हललं नाही. मी तसं म्हटल्यावर रत्नाबाई म्हणाल्या, “सेरि, बरें, पण तुमच्यांत मिरची फार.”

मी त्यांना विचारलं की प्रवाळ आजारी पडतं म्हणजे नेमकं काय होतं. त्यांनी धडाच घेतला, निम्मा मराठीत, निम्मा तमिळमध्ये. प्रवाळाच्या अंगात बारीक शैवाळ भाड्यानं राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि भाड्यापोटी मालकाला जेवू घालतं. पाणी फार दिवस तापलं, की मालक बिथरतो आणि भाडेकरूला बाहेर काढतो. मग घर उभं राहतं, मालक आत असतो, पण चूल विझलेली. पाणी लवकर थंड झालं तर भाडेकरू परत येतात. नाही झालं तर मालक उपाशी मरतो.

“पाणी का तापतं?” समोरच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी विचारलं. ते मघापासून ऐकत होते.

“आपण तापवतो,” रत्नाबाईंनी त्यांना तमिळमध्ये शांतपणे सांगितलं. “अस्की दुनिया धूर करिते, समुद्र तो गिळितो.” हे दुसरं वाक्य माझ्यासाठी मराठीत होतं. गृहस्थांनी वर्तमानपत्र उघडलं.

सकाळी डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर पांढरी वाळू, ताडांच्या रांगा, आणि मग अचानक दोन्ही हातांना समुद्र. एका बाजूचा हिरवा, दुसऱ्या बाजूचा निळा. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरचा समुद्र मी अकरा वर्षं बघतेय, तो सदा रागावलेला असतो. हा असा पसरून पडलेला बघून मी खिडकीच्या गजांना धरून ओरडलेच. रत्नाबाईंनी मला खाली बसवलं.

पेच्चीअम्माचं अंगण

पत्र लिहिणारी शिक्षिका परीक्षेच्या कामाला तालुक्याला गेली होती, तिच्याऐवजी पेच्चीअम्मा बसथांब्यावर उभी होती. पन्नाशीची, काटक, काळीभोर, आणि हाताच्या बोटांची टोकं वर्षानुवर्षं दगडांवर घासून गुळगुळीत झालेली. त्सुनामीच्या वेळी त्यांच्या बाजूला नुकसान कमी झालं, आणि पारीनंच गाव वाचवलं असं तिचं ठाम मत होतं. “भिंत आहे ती आमची,” ती म्हणाली. माझं तमिळ भाजीबाजारापुरतं, त्यामुळं अर्धं मला कळलं आणि अर्धं रत्नाबाईंनी पुरवलं. मला ती ‘बँक अम्मा’ म्हणायची, रत्नाबाईंना ‘टीचरम्मा’. मी तिला अक्का म्हणायला लागले.

तिनं आम्हाला अंगणात ताडगोळे सोलून दिले, मग ताडगुळाची कॉफी. दुपारी माझ्यासाठी चिंचेच्या आंबट रश्श्यातला मासा आणि भात, शाकाहारी रत्नाबाईंसाठी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात रसम. रत्नाबाईंना न विचारता तिनं ते केलं होतं. मी माशाचा रस्सा तीनदा घेतला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि चौथ्यांदा तिनंच वाढला.

जेवताना शेजारच्या दोघी-तिघी येऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या. एकीनं पेच्चीअम्माला मोठ्यानं काहीतरी सुनावलं.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“म्हणते, दोन वर्षें तुझें ऐकिलें. माझ्या लेकरांनीं दोन वर्षें तुझें ऐकिलें,” रत्नाबाईंनी हळू सांगितलं.

पेच्चीअम्मानं ताट उचललं, राखेनं घासलं आणि मग आमच्याकडे न बघता म्हणाली, उद्या ओहोटीला नेते. खरं असेल ते सांगा.

पार

समुद्रात उतरायची त्या बायकांची तयारी बघण्यासारखी असते. साडीवर पुरुषी शर्ट, बोटांना चिंध्यांच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, पायाला रबरी तळाच्या वहाणा दोरीनं बांधलेल्या, कमरेला जाळीची पिशवी, डोळ्यांना जुना पोहायचा चष्मा. नळीबिळी काही नाही, छातीत मावेल तेवढी हवा. त्या दिवशी पेच्चीअम्मानं वहाणा काढून होडीत ठेवल्या. पारीवर चुकूनही पाय टेकायला नको म्हणून. मलाही तिनं बजावलं: पोहायचं, उभं राहायचं नाही, उभं राहावंसं वाटलं तर वाळू शोधायची.

होडी लांब गेलीच नाही. पाण्याखाली सावली दिसायला लागली तिथं तिनं वल्ही थांबवली. मी नारळाला हळद-कुंकू लावून तो समुद्रात सोडला. तो बुडाला नाही, लाटेबरोबर फिरून होडीपाशी परत आला. पेच्चीअम्मानं तो उचलला, पुसला आणि आपल्या पिशवीत घातला. “रात्री चटणी,” ती म्हणाली. देवाचं काय ते मी मनात आटपून घेतलं.

रत्नाबाईंनी डबा पाण्यावर दाबला. त्या वर वाकल्या, तोच काचेच्या कडेनं पाणी शिरून डबा निम्मा भरला. “कारागिरानें फसविलें!” त्या म्हणाल्या. त्यांनी पदरानं पुसून पुन्हा दाबला, पुन्हा भरला. चौथ्या वेळी त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं ज्याचा धडा शिकवला ते दोन हातांवर होतं आणि त्यांना दिसत नव्हतं. मी मुखवटा चढवला आणि उतरले.

पाणी कोमट होतं. आंघोळीच्या पाण्यासारखं, अगदी तसंच. मी मान खाली घातली, आणि काय सांगू तुम्हाला! हरणाच्या शिंगांचं रान उभं होतं, पांढरंशुभ्र. मध्ये मोठमोठे गोल, अक्रोडाच्या गरासारख्या वळ्यांचे, तेही पांढरे, काही फिक्या निळ्या झाकेचे. खाली वाळू, वर हलणारं ऊन, आणि त्या पांढऱ्यातून पिवळ्या पट्ट्यांचे मासे सळसळत निघालेले. मी आयुष्यात इतकं देखणं काही पाहिलेलं नाही. मला वाटलं होतं, आजारी म्हणजे काळवंडलेलं, सडलेलं, किडलेल्या पिकासारखं काही असेल. इथं तर दिवाळीच्या आधी नुकता चुना दिलेलं घर! मनात आलं, अरे, हिला काही झालेलं नाही!

मी डोकं वर काढलं, नळी तोंडातून काढली आणि ओरडले, “अक्का! नल्ला इरुक्कु! रोंब नल्ला इरुक्कु!” छान आहे, खूप छान आहे.

पेच्चीअम्मा होडीत ताडकन उभी राहिली. तिचा चेहरा असा उजळला की मी तो अजून विसरलेले नाही. “निजमा?” खरंच? तिनं मला विचारलं, मग रत्नाबाईंना विचारलं, मग पुन्हा मला. तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

“शैलाबाई,” रत्नाबाई म्हणाल्या, “रंग कोणता पाहिलेंत?”

“रंग कसला, सगळं पांढरं! शुभ्र! एवढं सुंदर...”

पेच्चीअम्माला मराठी येत नाही, पण तिनं रत्नाबाईंचा चेहरा वाचला आणि ती खाली बसली. तिला पांढरं माहीतच होतं. रोज बघत होती ती. शिकलेली बाई ‘छान आहे’ म्हणाली म्हणून क्षणभर तिनं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर बोलावणं नसताना साडेपाचशे किलोमीटर येऊन ते करून घेतलं होतं.

“रडूं नका,” रत्नाबाई मला म्हणाल्या. “पांढरें म्हणजे मेलें नव्हे. रंग भाडेकरूंचा, ते गेले. चूल विझली, इतकेंच. अत्तां नीट पाहा. अगदीं जवळ जा, हात लावूं नका. गोलांवर बारीक बारीक केस हालतात का पाहा, तो प्राणी. आणि शिंगांवर हिरवी बुळबुळ धरली आहे का पाहा. बुळबुळ म्हणजे तो गेला. आणि जें पाहाल तेंच सांगा. बरें वाटावें म्हणून कांहीं नको.”

मी पुन्हा उतरले. या खेपेला मी मासे पाहिले नाहीत. एकेका गोलापाशी श्वास रोखून, नाक जवळजवळ टेकेल एवढं जाऊन थांबले. सुरुवातीला काहीच दिसेना. मग डोळे सरावले. गोलाच्या वळ्यांतून, लहान बाळाच्या मानेवरच्या लवेसारखं काहीतरी होतं, आणि ते हललं. पाण्यानं नव्हे, आपलं आपण. मी हात छातीशी घट्ट धरले. दुसऱ्या गोलावर होतं. तिसऱ्यावर होतं. चौथ्यावर अर्ध्यावर होतं, अर्धा भाग खरखरीत आणि मुका. मग शिंगांकडे गेले. वरून जे शुभ्र दिसत होतं त्याच्या बुडाशी हिरवट-करडी साय धरलेली. कितीतरी झाडं अशी. मघाशी मी त्यांच्यावरूनच नाचत गेले होते.

वर येऊन मी होडीची कड धरली. खोटं बोलायची केवढी इच्छा झाली होती! पण मी जे पाहिलं तेच सांगितलं, मराठीत, आणि रत्नाबाईंनी वाक्यावाक्यानं तमिळ केलं. गोल जिवंत आहेत, बहुतेक. शिंगांतली बरीच गेली आहेत. काही अजून पांढरी आहेत, त्यांचं मला कळलं नाही.

“उयिर इरुक्कु,” पेच्चीअम्मा स्वतःशीच म्हणाली. जीव आहे. मग तिनं चष्मा चढवला आणि पाण्यात उडी घेतली. ती किती वेळ खाली होती! वर आली तेव्हा तिनं मला फक्त मान हलवून दाखवली. तिनंही ते केस हलताना पाहिले होते.

वाळूवरची सभा

संध्याकाळी चाळीसएक बायका वाळूत गोल करून बसल्या. रत्नाबाई उभ्या राहिल्या आणि पस्तीस वर्षांचा आवाज लागला. काही लपवलं नाही. पार मेलेली नाही, आजारी आहे. पाणी थंड झालं तर गोल वाचतील. शिंगं बहुतेक जातील. वाचलेल्यांवर आता खरवडणी चालली तर तीही जातील, कारण आजाऱ्याच्या जखमा भरत नाहीत.

आदल्या दुपारी कुंपणाशी आलेली बाई उठली. तिचा प्रश्न मलासुद्धा समजला. पाणी कधी थंड होईल?

“वारा फिरला की,” रत्नाबाई म्हणाल्या. “नक्की मला सांगता येणार नाही.”

मग जी बोलाचाली झाली ती आमच्याकडच्या ग्रामसभेला लाजवेल. एकीकडे पासीचे हंगामाचे दिवस, दुसरीकडे कधी येईल कोण जाणे तो वारा. पेच्चीअम्मा सगळ्यांना बोलू देत होती. शेवटी ती उभी राहिली आणि म्हणाली, आडी महिन्यापर्यंत, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत, थांबू या. तोवर मी रोज जाऊन बघीन, तुमच्यातली कुणीही माझ्याबरोबर या, स्वतः बघा. आडी लागताना पार मेलेली असेल तर खरवडणी घेऊन पहिली मी उतरेन.

हात वर झाले. सगळे नाही. पुरेसे होते. त्या भांडणाऱ्या बाईनं हात वर केला नाही, पण उठताना ती म्हणाली, उद्या तुझ्याबरोबर मी येते. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठी मारायला गेले. ती दोन पावलं मागं सरकली.

पुन्हा अण्णा नगर

जूनभर मी शाखेत बसून वाऱ्याच्या बातम्या वाचत होते. चेन्नई तर भट्टीच होती. रत्नाबाई रोज वरून विचारायच्या, “कांहीं कळलें?” मी नकारार्थी मान हलवायची.

जुलैतल्या एका रविवारी सकाळी फोन आला. गावच्या बूथवरून. रत्नाबाई आमच्याकडेच कॉफी घेत होत्या. पेच्चीअम्मा माझ्यासाठी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. गोलांना रंग येतोय. आधी कडेनं, मग वर. चिंचोक्यासारखा तपकिरी. शिंगं गेली. जवळजवळ सगळी. बायका विचारतात, अर्ध्याच पारीसाठी थांबायचं का?

“मग तू काय म्हणालीस?” मी ओरडलेच.

“मी नाही, ती म्हणाली. ती भांडकुदळ. ती म्हणाली, मी रंग येताना बघितलाय, मी नाही उतरणार. मग कुणीच उतरलं नाही.”

मी फोन हातात घेऊनच घरभर नाचले. वायर ताणली गेली, ह्यांच्या हातातला कप कलंडला. रत्नाबाईंनी माझ्या हातून फोन काढून घेतला, कारण पलीकडून पेच्चीअम्मा अजून काहीतरी विचारत होती. रत्नाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तमिळमध्येच, पण मला ते पूर्ण समजलं: “हो. पुढच्या वर्षी नाही तर त्याच्या पुढच्या. पाणी पुन्हा तापणार. याहून जास्त तापेल.”

रत्नाबाईंनी फोन माझ्या कानाला लावला. बूथच्या बाहेरून कुणीतरी माशांची नावं घेत ओरडत होतं.

“बँक अम्मा,” पेच्चीअम्मा म्हणाली, “मासी महिन्यात, फेब्रुवारीत या. तेव्हा पाणी थंड असतं. तुम्ही पारीला आजारीच पाहिलंत. रंगात असताना एकदा बघून घ्या. उद्या कुणी विचारलं, ती कशी होती, तर सांगायला आमच्या गावाबाहेरचंही कुणीतरी हवं.”